सेंट पॉलच्या आवारात : प्रस्तावना

मराठी छपाईची गोष्ट निघाली की आपण बहुधा बंगालातल्या सेरामपूरपासून सुरुवात करतो. विल्यम कॅरीने तिथे १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, मग मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना आला, मग १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींचे पंचांग निघाले. या हकिगतीत खोटे काही नाही, फक्त तिचा आरंभ अर्धा सांगितलेला असतो. कॅरीच्या अडीचशे वर्षे आधी, १५५६ मध्ये, भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यातल्या एका कॉलेजात बसला होता. १६१६ मध्ये ते कॉलेज चालवणाऱ्या मिशनऱ्यांच्याच, गोव्यातल्या साष्टी भागातल्या दुसऱ्या कॉलेजात सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचा एक ग्रंथ छापून बाहेर पडला. त्या वर्षी देहूचा तुकाराम आठ वर्षांचा होता.

त्या पहिल्या कॉलेजचे नाव सेंट पॉल. पुढील पानांत त्याच्या आणि त्याच्या साष्टीतल्या भावंडाच्या इतिहासातले काही निवडक प्रसंग आहेत.

नागपूरच्या वाचकाला मिशनरी मंडळींची कॉलेजे नवी नाहीत. स्कॉटिश मिशनचे हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून शहरात आहे, आणि सेमिनरी हिल्सवर फिरायला जाणाऱ्याच्या तोंडी तर सेमिनरी रोजचीच असते. पण विदर्भातून गोव्याला जाणारी सहलीची गाडी जुन्या गोव्यात बॉम जेझसच्या चर्चपाशी उभी राहते, माणसे झेवियरच्या शवपेटीचे दर्शन घेतात, फोटो काढतात, आणि गाडी पुढे निघते. तिथून फार लांब नसलेली, जांभ्या नि काळ्या दगडाची एक एकटी कमान कोणी दाखवत नाही. सेंट पॉलच्या मूळ आवारातले तेवढेच उरले आहे. मागे वर्ग नाहीत, ग्रंथालय नाही, छापखाना तर नाहीच. अशा आवाराचा इतिहास कागदावरूनच वाचावा लागतो, आणि ते कागद एका बाजूने लिहिलेले आहेत. त्याविषयी पुढे बोलतो.

आधी पाया. १५४१ मध्ये मिगेल वाझ आणि दियोगु द बोर्बा या दोन धर्मगुरूंनी 'पवित्र श्रद्धे'चे एक मंडळ काढले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या मुलांना शिकवून त्यांच्यातूनच धर्मोपदेशक तयार करायचे, हा हेतू. त्यासाठी पैसा हवा होता. तिसवाडी बेटावरची देवळे तोवर पाडली गेली होती. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या संस्थेकडे वळवण्यात आले आणि गावकाऱ्यांकडून तसे लिहून घेण्यात आले. म्हणजे देवाच्या दिवाबत्तीसाठी, पुजाऱ्यासाठी, वाजंत्र्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या शेतांच्या भातावर हे कॉलेज उभे राहिले. इतर प्रसंग वाचताना वाचकाने ही गोष्ट विसरू नये. तिच्याकडे डोळेझाक करून लिहिलेला या आवाराचा गौरव फसवा ठरेल, आणि केवळ तिच्यावरच थांबलेला निषेध अपुरा.

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. त्याचा येशूसंघ, म्हणजे जेझुइटांचा संघ, स्थापन होऊन त्या वेळी दोनच वर्षे झाली होती. पुढच्या काही वर्षांत कॉलेजचा सगळा कारभार या संघाकडे आला. व्याकरण, लॅटिन, तत्त्वज्ञान आणि शेवटी धर्मशास्त्र, असा त्या काळच्या युरोपीय विद्यापीठांचा क्रम इथे लागू झाला. एक फरक मात्र होता. लिस्बन किंवा कोईम्ब्राच्या वर्गात असा जमाव कधी दिसला नसता. गोव्याची मुले होती, मलबारची होती, सिंहली, अबिसिनियन, पेगूची, मलाक्याच्या पलीकडच्या मसाल्याच्या बेटांवरची होती. १५४८ मध्ये त्यांत एका जपानी माणसाची भर पडली. कागोशिमाचा आंजिरो हातून खून झाल्यामुळे देश सोडून पळाला होता. मलाक्यात त्याची झेवियरशी गाठ पडली आणि तो गोव्याला आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, नाव मिळाले पावल द सांता फे. वर्षभराने, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, याच आंजिरोला वाटाड्या करून झेवियर जपानच्या किनाऱ्याला लागला. जपानी ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे पहिले पान असे तिसवाडीत लिहिले गेले.

छापखान्याचा प्रसंग तर योगायोगाचाच. पोर्तुगालच्या राजाने तो हिंदुस्थानासाठी धाडलाच नव्हता. तो निघाला होता अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. तिथल्या सम्राटाला रोमच्या छत्राखाली आणण्यासाठी झुआंव नुनीश बार्रेतु या धर्मगुरूला पॅट्रिआर्क नेमले होते, आणि लोकांपर्यंत पुस्तके पोचवायला त्याच्याबरोबर यंत्र दिले होते. ६ सप्टेंबर १५५६ रोजी जहाज गोव्याला लागले. पण इथिओपियाच्या सम्राटाला रोमचे वर्चस्व नको होते. पॅट्रिआर्क गोव्यातच अडकला आणि १५६२ मध्ये इथेच वारला. यंत्रही इथेच राहिले.

ते चालवायला हुआन द बुस्तामांते हा स्पॅनिश येशूसंघीय होता. त्याच्या हाताखाली छपाईत मुरलेला आणखी एक माणूस होता. येशूसंघीयांच्या पत्रांत त्याचे वर्णन येते ते फक्त 'हिंदी' म्हणून. तो कोणत्या गावचा, पोर्तुगालला कसा गेला, खिळे जुळवायला कुठे शिकला, याचा पत्ता त्या पत्रांत नाही. त्याचे नावही नाही. भारतात पहिला कागद छापला गेला तेव्हा यंत्रापाशी एक भारतीय हात होता, एवढे मात्र त्यातून कळते. पॅट्रिआर्कच्या जाण्यायेण्याच्या हकिगतीला पत्रांत भरपूर जागा मिळाली आहे, आणि कारागिराच्या वाट्याला अर्धी ओळ आली आहे. इतिहासाचा हा पंक्तिप्रपंच फक्त गोव्यापुरता नाही.

पहिल्यांदा छापले काय? पुस्तक नव्हे, परीक्षेचे कागद. विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडायच्या तात्त्विक प्रमेयांची पत्रके त्याच वर्षी निघाली. १५५७ मध्ये झेवियरची प्रश्नोत्तरी छापली गेली. तोवर त्याला जाऊन पाच वर्षे होत आली होती. या दोहोंची एकही प्रत आज शिल्लक नाही. आशियात धातूच्या सुट्या खिळ्यांवर छापणारे चिनी आणि कोरियन लोक या मंडळींच्या कितीतरी आधीचे, तेव्हा 'आशियातला पहिला' असला दावा करायचे कारण नाही. भारतातला पहिला म्हणणे पुरेसे आहे. पुढे झुआंव गोन्साल्विस नावाच्या स्पॅनिश लोहारबंधूने तमिळ अक्षरे पाडली आणि १५७८ मध्ये कोल्लमला सोळा पानांची तमिळ प्रश्नोत्तरी निघाली. भारतीय लिपीतले हे पहिले छापील पुस्तक. त्याने गोव्याकडच्या लिपीचीही अक्षरे कोरायला घेतली होती. पण ते काम पुरे व्हायच्या आतच तो गेला. मराठीला छापील देवनागरीसाठी मग आणखी सव्वादोनशे वर्षे थांबावे लागले.

१५७८ ते १५८३ ही पाच वर्षे या आवाराच्या इतिहासात सर्वांत दाट आहेत. १३ सप्टेंबर १५७८ ला एकाच ताफ्यातून रोदोल्फो अक्वाविव्हा आणि मात्तेओ रिची हे दोन तरुण इटालियन आले. वर्षभराने, २४ ऑक्टोबर १५७९ ला, थॉमस स्टीफन्स हा विल्टशायरचा इंग्रज आला. भारतात राहिल्याची नोंद असलेला हा पहिला इंग्रज. त्याने वडिलांना लिहिलेले प्रवासवर्णनाचे पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचले. तो उतरला तेव्हा गोव्यात अकबराचा वकील मुक्कामाला होता. बादशहाने पंडित पाद्री मागवले होते. तीनच आठवड्यांनी, १७ नोव्हेंबरला, सेंट पॉलमध्ये शिकवणारा अक्वाविव्हा फतेपूर सिक्रीच्या वाटेला लागला. सोबत आंतोनियो मोन्सेरात होता. अकबराच्या दरबाराचे डोळ्यांनी पाहिलेले जे युरोपीय वर्णन आज इतिहासकार वापरतात, ते त्याचे. अक्वाविव्हा बादशहाशी वाद घालायला निघाला आणि स्टीफन्स साष्टीच्या खेड्यात भाषा शिकायला. दोघांपैकी कोणाच्या हातून टिकाऊ काम झाले, हे पुढे काळाने ठरवले.

रिचीचे नाव आपण चीनशी जोडतो. तिथे जाण्याआधी तो गोव्यात शिकत होता आणि शिकवतही होता. १५८१ च्या नोव्हेंबरात त्याने संघाच्या रोममधल्या प्रमुखाला एक पत्र लिहिले. कॉलेजने देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र या वरच्या वर्गांतून वगळायचे ठरवले होते. कारण असे सांगितले जात होते की फार शिकले तर ही मुले शेफारतील आणि गरीब वस्त्यांत काम करायला नाखूश होतील. रिचीने हे कारण खोडून काढले. शिकून माणूस गर्विष्ठ होत असेल तर तो युरोपातही होतो, म्हणून तिथे कोणी वर्ग बंद केलेले नाहीत. आधीच या लोकांना इथे कोणी किंमत देत नाही, त्यात हेही केले तर ते आपला द्वेष करू लागतील, असा त्याचा रोख होता. पत्राचा उपयोग झाला नाही. कोल्लमचा पेरु लुईश हा ब्राह्मण १५६१ मध्ये संघात घेतला गेला होता आणि १५७५ मध्ये त्याला दीक्षा मिळाली होती. त्याच्यानंतर देशी माणसांना संघाचे दार जवळजवळ बंदच राहिले. देशी मुलांसाठी म्हणून काढलेल्या कॉलेजात चाळीस वर्षांनी देशी मुलांनाच वरचा वर्ग नाकारला गेला. या पुस्तकातला सर्वांत लाजिरवाणा प्रसंग माझ्या मते हा आहे. आणि त्याची साक्ष संघाच्याच माणसाने लिहून ठेवली आहे, हेही तितकेच खरे.

साष्टीतल्या कुंकळ्ळी गावचा प्रसंग मराठी आणि कोकणी वाचकाला ऐकून माहीत असतो, पण बहुधा एकाच अंगाने. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये रायतूर किल्ल्याच्या कप्तानाने पाडवली होती. लोकांनी देव हलवले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली आणि कुशस्थळीचा मंगेश त्याच्याही आधी प्रियोळला. आज आपण ज्यांच्या दर्शनाला जातो ती फोंड्याकडची देवस्थाने ही अशी विस्थापितांची घरे आहेत. कुंकळ्ळीकरांनी मात्र आपली देवळे पुन्हा उभी केली, ती पुन्हा पाडली गेली. १५८३ च्या जुलैत चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्या सोबत्यांना गावाने ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकताच परतलेला अक्वाविव्हा होता. प्रेते ताब्यात घ्यायला स्टीफन्स गेला. नंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि मारून टाकले. पाच पाद्र्यांना चर्चने हुतात्मा मानले. मारल्या गेलेल्या गावप्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत अलीकडच्या काळात उभे राहिले. पुस्तकात दोन्ही मृत्यू एकाच प्रकरणात ठेवले आहेत, आणि ते योग्यच आहे.

इतके रक्त पाहिलेला स्टीफन्स त्यानंतर पस्तीस-छत्तीस वर्षे बहुतांशी साष्टीतच राहिला. मडगावात १५७४ च्या सुमारास सुरू झालेले साष्टीचे कॉलेज आदिलशाही फौजांच्या हल्ल्यानंतर रायतूरच्या किल्ल्याच्या आश्रयाला आले होते. स्टीफन्स त्याचा रेक्टर झाला. त्याने तिथल्या कोकणी भाषेचे व्याकरण लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. लॅटिन शिकलेला हा माणूस मराठी शिकला तो तिची पुराणे वाचून. ती पुराणे या मंडळींच्या हाती कशी आली, हे मात्र वाचकाने जाणून घ्यावे. १५५९ च्या पत्रांत एक हकिगत येते. गोव्याच्या पलीकडच्या मुलखात एका ब्राह्मणाने आठ वर्षे खपून व्यासाच्या आणि इतरांच्या ग्रंथांची भाषांतरे जमवली होती. कॉलेजने त्याच्या घरून ती पोथ्यांसकट चोरून आणवली. वादात हिंदूंना निरुत्तर करण्यासाठी त्यांची पोर्तुगीज भाषांतरे केली. पोर्तुगालमधल्या ब्रागा गावच्या ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेल्या रामायण-महाभारताच्या कोकणी-मराठी कथा आजही आहेत. गोव्यात ज्या काळातल्या पोथ्या जाळल्या गेल्या, त्या काळातले थोडेसे साहित्य असे शत्रूच्या दप्तरात वाचले.

ख्रिस्तपुराणाच्या, म्हणजे १६१६ च्या त्या ओवीबद्ध ग्रंथाच्या, आरंभी त्याचा कर्ता स्टीफन्सनेच सांगितलेला प्रसंग आहे. तुम्ही आमची पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही द्या, असे एक जण पाद्र्याला म्हणतो. त्या मागणीला उत्तर म्हणून हा ग्रंथ आला. पैले पुराण आणि दुसरे पुराण असे त्याचे दोन भाग. छंद ओवीचा, घाट ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतला. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली १५८४ मध्ये, म्हणजे कुंकळ्ळीच्या दुसऱ्या वर्षी. स्टीफन्स त्याच काळाचा मराठी लेखक आहे, आणि त्याला वाङ्मयाच्या इतिहासात तळटीपेत ढकलायचे कारण नाही. ग्रंथ छापला गेला रोमन अक्षरांत. त्याचे कारणही स्टीफन्सच्या १६०८ च्या पत्रात सापडते. देशी लिपीत छापायची त्याची इच्छा होती आणि त्यासाठी त्याने रोमकडे परवानगी मागितली होती. अडचण अशी की लॅटिनला चोवीस खिळे पुरतात आणि इथे जोडाक्षरे नि मात्रा धरून सहाशेच्या घरात साचे लागतात. टंक जुळवणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला ही तक्रार ओळखीची वाटेल. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, एकीचीही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांवर, मुख्यतः कर्नाटक किनाऱ्यावर स्थलांतर केलेल्या कॅथलिक घरांत. जोसेफ सालदान्यांनी मंगळुरात १९०७ मध्ये तो रोमन लिपीत काढला आणि शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये देवनागरीत. देवनागरी हस्तलिखित लंडनला मार्सडनच्या संग्रहात मिळाले.

यानंतरचा इतिहास उताराचा आहे. १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय वर्षागणिक जड होत गेले. साथींमुळे सेंट पॉलचे वर्ग टेकडीवर हलले. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांची फौज साष्टी-बारदेशात शिरली, तेव्हा व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला आणि शहर संताच्या हवाली केले. मोगल फौज कोकणात उतरल्याने मराठे मागे फिरले. सहा महिन्यांच्या आत, जून १६८४ मध्ये, त्याच व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. स्टीफन्सने ज्या भाषेचे व्याकरण लिहिले तिच्यावर ही पाळी त्याच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांत आली. १७५९ मध्ये पोर्तुगालनेच येशूसंघाला हाकलले. १८२९ नंतर सेंट पॉलच्या इमारती पाडल्या गेल्या आणि त्यांचे दगड पणजीच्या बांधकामांना गेले. रायतूरचे आवार मात्र चालू राहिले, ते आजही धर्मगुरूंचे विद्यालय आहे. कोकणी कोशकार सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद तिथेच शिकले.

आता साधनांविषयी. या प्रसंगांची बहुतेक माहिती येशूसंघीयांच्या पत्रांतून येते. फादर योसेफ विकी यांनी ती संपादून अनेक खंडांत छापली आहेत. ही पत्रे युरोपातल्या वरिष्ठांना आणि देणगीदारांना लिहिलेली आहेत, त्यामुळे बाप्तिस्म्यांचे आकडे आणि चमत्कार वाचताना हात राखावा. आपल्याकडून या सामग्रीची छाननी करणारे पहिले मोठे नाव अ. का. प्रियोळकरांचे. १९५८ मध्ये त्यांनी भारतातल्या छपाईचा इतिहास लिहिला आणि १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनचा. एकाच अभ्यासकाने पाद्र्यांचे उपकारही मोजले आणि अपराधही. पहिल्या पुस्तकावर खूश होऊन दुसरे विसरणारे, आणि दुसरे घोकून पहिले नाकारणारे, असे दोन्ही वाचक प्रियोळकरांना अर्धेच वाचतात.

या पुस्तकाची बैठक प्रियोळकरांची आहे. सेंट पॉलने आपल्या हेतूने जे केले त्यातले पुष्कळ लोपले. हेतूबाहेर जे घडले ते टिकले. इथिओपियाचे यंत्र इथे राहिले, खंडनासाठी पळवलेल्या पोथ्या पुरावा झाल्या, धर्मांतरितांसाठी रचलेले पुराण मराठीचा ठेवा झाले. त्याबद्दल संस्थेचे आभार मानायची गरज नाही, पण ठेवा आपला म्हणून ताब्यात घ्यायची गरज आहे. मराठीच्या पदवी वर्गांत ख्रिस्तपुराणाचा उतारा क्वचित लागतो, लागला तरी परीक्षेपुरता. प्राध्यापकांनी तो नीट शिकवावा. तरुण अभ्यासकांनी पोर्तुगीज शिकून लिस्बन, ब्रागा आणि पणजीची दप्तरे स्वतः उघडावीत, दुसऱ्यांच्या इंग्रजी उताऱ्यांवर विसंबू नये. वाचकांनी पुस्तक चिकित्सेने वाचावे आणि पटणार नाही तिथे लेखी आक्षेप घ्यावा. या विषयावर मराठीत झालेले काम अजून फार थोडे आहे.

— बेसा, नागपूर